दिवा नसलेली खोली

नदीकाठच्या टेकडीवर काळ्या लोकांसाठी निघालेलं एक जुनं कॉलेज आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, नदीकडे तोंड केलेली वाचनाची खोली आहे. सगळी इमारत विजेनं उजळते, या खोलीत मात्र एकही दिवा नाही. कॉलेज दाखवणाऱ्या म्हाताऱ्या ओपलबाई पाहुण्यांना आधी खिडकीशी उभं करतात, मग सांगू लागतात.

त्या काळी नदीच्या अलीकडे माणूस मोकळा होता आणि पलीकडे विकला जात होता. गुलामी मोडायला निघालेल्या कॉर्नेलियाबाईंनी इथे शाळा काढली. अंधारून येताना या खिडकीत दिवा दिसला, की वाट मोकळी आहे असं समजून पलीकडची माणसं होडीनं यायची, असं सांगतात. डेलिया अशीच आली होती. तिचा मुलगा एझरा मागे राहिला होता.

अखेर तोही निसटून पलीकडच्या झाडीत पोचल्याचा निरोप आला. पण पळालेल्यांना मोकळ्या मुलखातूनही पकडून नेणारे घोडेस्वार नेमके अलीकडच्या काठावर फिरत होते. ते गेले की शाळेची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या एमसनं अंगणातून हाक द्यायची आणि डेलियानं दिवा खिडकीत ठेवायचा, असं ठरलं. तोवर उजेड बाहेर दिसू नये म्हणून दिवा खोलीतल्या एका पेटीआड, जमिनीवर.

"पुस्तक कशाला नेतेस वर?" एमसनं चिडवलं. "मास्तरीण व्हायचंय वाटतं."

"एझराला वाचून दाखवीन," ती म्हणाली. "आई अजून अडाणीच आहे असं नको वाटायला त्याला."

ती पेटीआड बसून वाचू लागली. अक्षराला अक्षर लागत गेलं आणि जन्मात पहिल्यांदा एक अख्खी ओळ उलगडायला लागली. उजेड पुरेना. तिनं दिवा उचलून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पुस्तकावर वाकली. त्या एका ओळीपुरता, म्हणे, तिला मुलाचा विसर पडला.

ओळ संपली तेव्हा होडी नदीच्या मध्यावर होती आणि काठावर घोडेस्वार थांबले होते.

एझराला तिच्या डोळ्यांदेखत बांधून नेलं. दुसऱ्या दिवशी कॉर्नेलियाबाई गुपचूप ते पुस्तक उचलून ठेवायला लागल्या, तर डेलियानं त्यांचा हात धरला.

"असू द्या, बाई. आता वाचणं सोडलं, तर माझा एझरा फुकट गेला."

पुढे गुलामी उठली. पलीकडून पुष्कळ जण आले, एझरा आला नाही. डेलिया याच खोलीत शिकवत म्हातारी झाली.

आजही इथे मुलं दिवस असेतोवर वाचतात. उजेड सरला, की चालू ओळ अर्ध्यावर सोडून पुस्तक मिटतात आणि थोडा वेळ नदीकडे बघत बसतात.