दोन हजार पाचशे एकवीस पत्रावळी

पाय पोटाशी घ्या आणि ऐका. डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथे राजा धरून माणसं किती? दोन हजार पाचशे एकवीस! वर्षातून एकदा सगळं नगर एकत्र जेवायचं. पत्रावळी लावायची बकुळाआजी. पळसाची पानं टोचून टोचून बोटं खरखरीत झालेली, पण जीभ मात्र तल्लख, बरं का.

एका वर्षी जेवणाच्या दिवशीच डोंगरावरून राक्षस उतरला. म्हणाला, "सारख्या पंगती मांडा. तीनदा मांडू देईन. तिसऱ्यांदाही कुणी एकटं उरलं, तर ते माझं!"

मग प्रधानजींनी सात-सातांच्या पंगती बसवल्या. एक माणूस उरलं. कोण? बकुळाआजी! पानं मांडून ती सगळ्यांत शेवटी यायची ना. मग आठ-आठांच्या बसवल्या. पुन्हा तीच उरली. राजाला घाम फुटला. प्रधानजी म्हणाले, "आता नऊ-नऊ बसा."

 एकदम आजीला सकाळची गोष्ट आठवली. पत्रावळींचे गठ्ठे बांधताना तिने सातांचे बांधले, आठांचे बांधले, नवांचे आणि दहांचेही बांधून पाहिले. दर वेळी एकच पत्रावळ उरली. केवढी वैतागली होती ती! आता तिच्या लक्षात आलं. दर वेळी एकच उरतं ना? मग त्या एकाने बसूच नये!

तिने पदर खोचला आणि वरणाचं भांडं उचललं. नऊ-नऊ बसले. कुणी उरलं नाही.

राक्षस ओरडला, "ए म्हातारे, तू का बसत नाहीस?"

"वाढणारी पंगतीत बसते होय रे? तुला कुणी शिकवलंच नाही वाटतं!"

राक्षस चिडला. "दहांच्या मांडा!" मांडल्या, जमल्या. "सहांच्या!" जमल्या. "पाचांच्या!" त्याही जमल्या. उठबस करून राजेसाहेबांचे गुडघे कुरकुरायला लागले, पण माणूस काही उरेना. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मंडळी जेवून उठली. मग राक्षस हळूच हसला. "आता तू जेवशील ना, म्हातारे? एकटीच!"

झालं!   पत्रावळ एकच उरली होती. आजीने ती मांडली, भात वाढला, मधोमध वरणासाठी आळं केलं आणि म्हणाली, "एकटी कशी? बस रे लेकरा. तू तरी कुठे जेवलायस?"

राक्षसाला आजवर कुणी बस म्हटलंच नव्हतं. तो मुकाट्याने मांडी घालून बसला. एकाच पत्रावळीवर दोघं पोटभर जेवली.

पुढच्या वर्षी डोंगरावरून पळसाची पानं कुणी आणली? त्यानेच. आणि आजीने पत्रावळी लावल्या दोन हजार पाचशे बावीस.

आता सांगा बघू, जागं कुणी उरलंय का? नाही ना? मग दिवा मालवते हं.