साहेबांची ओळख

तेरदाळकर बाई आठवीच्या मुलींना इंग्रजी विशेषणांचे समानार्थी शब्द शिकवत होत्या. स्लिम म्हणजे सडपातळ, स्किनी म्हणजे काटकुळी. अर्थ जवळचाच, पण एकानं मुलगी खुलते आणि दुसऱ्यानं रुसते.

एवढ्यात तपासणीला आलेले घोरपडे साहेब वर्गात शिरले. त्यांना आपल्या इंग्रजीचा भारी तोरा. "बाई, हा काय वेळकाढूपणा? समानार्थी म्हणजे अर्थ एकच, कुठलाही शब्द कुठेही चालतो! नुसते पाठ करून घ्या, नाहीतर हा वर्ग मी दुसऱ्या कुणाला देतो."

मुलींदेखत बोलणी खाऊन बाईंचे कान तापले. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं साहेब. दुपारच्या सभेत तुमची इंग्रजीत ओळख मीच करून देणार आहे. 'फेमस' शब्द फार गुळगुळीत झालाय. त्याऐवजी 'नटोरियस' म्हणू?"

"अहो, भलतंच काय! नटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध!"

"पण माणसाला सगळे ओळखतात, हा अर्थ दोन्हींत आहेच की."

मुलींनी तोंडावर ओढण्या दाबल्या. साहेब मागच्या बाकावर जाऊन बसले.

"शिकवा बाई, तुमच्याच पद्धतीनं शिकवा," ते म्हणाले. "पण दुपारी मात्र फेमसच म्हणा हं!"