बांगडी चढण्याआधी

नदी जिथे गावाला अर्धा वळसा घालते, अशा एका गावात एक कोष्टीण राहत होती. तिच्या हाताला इतकी सफाई होती की तिने विणलेल्या लुगड्याचा काठ उलटा कुठला आणि सुलटा कुठला, हे पारखी माणसालाही दोनदा पाहावे लागे. पण ती ज्या मागावर विणायची, तो माग तिचा नव्हता. मालकाच्या लांबट छपरात बारा माग होते. त्यांतल्या खिडकीजवळच्या मागावर ती दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बसायची. ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांच्या खटखटाटात शेजारणीचे बोलणेही ऐकू येत नसे.

नवरा कापडाच्या गाड्यांबरोबर फिरतीवर असे. महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. एकुलती लेक गोजरा घाटाखाली दिलेली. आता ती पहिलटकरीण होती आणि बाळंतपणाला आईकडे यायचे म्हणत होती. सासरच्यांनी निरोप पाठवला होता, "पाठवू की. पण घरात दिवसभर तिच्याजवळ माणूस हवे. तुम्ही तर दिवसभर मालकाच्या छपरात."

म्हणून कोष्टिणीला स्वतःचा माग हवा होता. घरात माग असला म्हणजे विणताविणता लेकीकडे लक्ष देता आले असते. सुताराने त्यासाठी सागाची लाकडे बाजूला ठेवली होती. "दसऱ्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला होता. "पुढे मात्र गाडीवाला मागतोय, त्याला देईन."

आषाढ गेला, श्रावण लागला. पण मागासाठी ठेवलेले गाडगे काही भरेना.

याचे कारण तिच्या घरातल्या खुंटीवर होते. दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडायची. पण रिकाम्या घरी जायला पाय उचलत नसत. मग ती कासारणीपुढे जाऊन बसायची आणि कंगोऱ्यांच्या, नक्षीच्या, सोनेरी टिकल्यांच्या बांगड्या भरून घ्यायची. घरी जाईपर्यंत मन कसे हलके असायचे! बुधवारी मागावर बसले की ते कंगोरे ताण्याच्या दोऱ्यांत अडकायचे. मग हातात दोन साध्या बांगड्या ठेवून बाकीच्या खुंटीवर जायच्या. खुंटी वाकली तेव्हा तिने शेजारी दुसरी ठोकली.

कासारीण म्हातारी होती आणि तिला एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही की तिला जेवण गोड लागत नसे.

त्या मंगळवारी कोष्टीण आली, हात पुढे केला. कासारणीने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, पाण्याने ओला केला आणि अंगठ्याखालचा उंचवटा हळूहळू दाबू लागली. दाबता दाबता नेहमीसारखे विचारू लागली, लेक कशी आहे, नवरा कुठवर पोचला. कोष्टीण बोलत गेली. थोड्या वेळाने कासारीण एकदम थांबली.

"भर ना मावशी. थांबलीस का?"

"तुझा हात मऊ झाला."

"मग बरंच झालं की!"

"अगं, पण बांगडी अजून माझ्याच हातात आहे." कासारणीने ती उन्हात धरून फिरवली. "तू आलीस तेव्हा हात लाकूड होता. लाकडावर बांगडी चढत नाही, फुटते. मऊ झाल्यावरच चढते. दर वेळी असंच होतं. मग तुझा हात मऊ करते कोण? ही तर नव्हे. ही मागून येते."

कोष्टीण स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. तो हात तिने जन्मभर पाहिला होता, पण असा प्रश्न त्याला कधी विचारला नव्हता.

मागून कासारणीचा नवरा करवादला, "वा! आता गिऱ्हाइकाला शहाणं करून घरी पाठव. मग आपण दोघं काच खाऊन राहू."

"तुम्ही गप बसा हो. चाळीस वर्षं दुकान मांडतेय, मी नक्की विकते काय, ते मला कळायला नको?" मग ती कोष्टिणीला म्हणाली, "तुझ्याकडे दोऱ्याला काय तोटा! एक दोरा कनवटीला ठेव. आठवडाभर जेव्हा जेव्हा मूठ आपोआप सैल पडेल, तेव्हा एक गाठ मार. खोटी मारू नकोस हं. आणि पुढच्या मंगळवारी मला दाखव."

"आणि बांगड्या?"

"आज राहू देत."

कोष्टिणीला हा खेळ वाटला. तरी तिने निळा दोरा कनवटीला लावला. पहिले दोन दिवस दोरा कोराच राहिला. मूठ किती वेळा आवळलेली असते, एवढेच तिला समजले. पाणी शेंदताना, चूल फुंकताना, झोपेतून उठतानासुद्धा!

तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडे माणूस नव्हते, म्हणून मालकाने तिला सूत धुवायला नदीवर पाठवले. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून ती लडी हलवत होती. लाल रंगाची एक रेघ पाण्यात लांब लांब जात होती. कुठवर जाते म्हणून ती पाहत राहिली आणि पाहता पाहता तिच्या ध्यानात आले की आपली बोटे मोकळी झाली आहेत. घाईघाईने तिने गाठ मारली. जणू ती गोष्ट पळूनच जाणार होती.

मग तिला नादच लागला. शेजारची आजीबाई एकटीच दळत होती. कोष्टीण समोर जाऊन बसली आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. दोघी म्हणाल्या त्या ओव्यांत कुणाच्या तरी आळशी जावेची अशी फजिती होती की आजीबाईला हसून ठसका लागला. एक गाठ. दुसऱ्या दिवशी वासराने तळहात चाटला, त्याची एक.

मंगळवारी कासारणीने तो दोरा बोटांनी चाचपत पाहिला. "आठवडाभरात गूळ नाही खाल्लास? त्याची गाठ नाही मारलीस?"

"खाल्ला की! गोड लागला. पण मूठ तशीच होती."

"अस्सं!" कासारणीचे डोळे चमकले. तिने कोष्टिणीचा हात मांडीवर घेतला, दाबला, बोलली आणि रिकामाच परत दिला.

"याचे किती द्यायचे, मावशी?"

"हात दाबल्याचे पैसे माझ्या आजेसासूनेसुद्धा घेतले नव्हते."

असे बरेच मंगळवार गेले. गाडगे जड होत चालले. दसऱ्याच्या आधीचा शेवटचा बाजार आला. त्या दिवसाची मजुरी घातली की सुताराचे पैसे पुरे होणार होते.

नेमक्या त्याच दिवशी मालकाला तिच्या लुगड्यात एक सुटलेला दोरा सापडला. त्याने ते सगळ्यांसमोर उलगडले. "डोळे कुठं ठेवून विणतेस? लेकीच्या ओटीत?" अकरा माग थांबले. ती लुगड्याची घडी घालून उठली. मजुरी पदरात बांधून बाजारात आली आणि पाय आपोआप कासारणीच्या जागेकडे वळले.

जागा रिकामी होती. कासारीण भाच्याच्या लग्नाला गेली होती. शेजारी एक नवाच कासार मखमल अंथरून बसला होता.

"या बाई, या! आरशाच्या बांगड्या आहेत, खास वरच्या बाजारातल्या. एकदा भरा, सगळं दुःख विसराल!"

ती बसली. हात पुढे केला. त्याने हात दाबला नाही, काही विचारले नाही. घाईत होता. बांगडी बोटांच्या सांध्यांवरून रेटली आणि ती कट्कन फुटली. हातावर रक्ताचा थेंब आला.

"काय बाई, हात आहे की खुंटा?" तो वैतागला. "बरं, भरताना फुटली ती माझी. मोठ्या मापाचा जोड काढतो, थांबा."

कोष्टिणीने हाताकडे पाहिले. तो खरेच खुंट्यासारखा होता. मोठ्या मापाच्या बांगड्या अशा हातावरही चढल्या असत्या. चढल्या असत्या आणि हात तसाच राहिला असता. आणि घाटाखाली लेक वाट पाहत बसली असती.

"नको दादा," ती उठली. "माझा हात आज मलाच मऊ करावा लागेल."

ती नदीवर गेली, पाण्यात उभी राहिली. पण त्या दिवशी पाण्याने काही झाले नाही. मालकाचे शब्द कानातून जाईनात. मूठ सुटेना. पदरातली मजुरी चाचपत ती पुन्हा बाजाराच्या वाटेला लागणार, तोच आजीबाईच्या दारावरून जाताना तिला दिसले की म्हातारी जात्यापाशी नुसतीच बसली आहे. जाते बंद. डोळे ओले.

"काय झालं, आजी?"

"काही नाही गं. सणाला कुणी यायचं नाही म्हणून निरोप आला."

 कोष्टीण खाली बसली, म्हातारीचा हात मांडीवर घेतला, ओला केला आणि कासारणीसारखा अंगठ्याखाली दाबू लागली. सुरकुतलेला तो हात आधी सुक्या शेंगेसारखा कडक होता. कोष्टीण दाबत राहिली, नातवंडांची नावे एकेक विचारत राहिली. म्हातारीची बोटे हळूहळू उलगडली. आणि दाबता दाबता कोष्टिणीच्या लक्षात आले की आवळलेल्या मुठीने दुसऱ्याचा हात दाबताच येत नाही. तिचीही मूठ सुटली होती.

मालकाचे शब्द पुसले गेले नव्हते. ते कानात होते, पण आता मुठीत नव्हते. ती तशीच उठून घरी गेली आणि मजुरी घातलेले गाडगे घेऊन सुताराकडे पोचली.

दसऱ्याला घरात माग बसला. कार्तिकात गोजरा आली. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या भरायला कोष्टिणीने कासारणीला घरी बोलावले. पहिलटकरीण पोर, भीतीने हात ताठ करून बसली.

"लाकूड आहे अगदी," कासारीण म्हणाली. "आईवर गेलीय."

"थांब मावशी, मी बघते." कोष्टिणीने लेकीचा हात मांडीवर घेतला आणि विचारले, "कशाची भीती वाटते गं?" गोजरा आधी रडली, मग कशावरून तरी हसली. हिरव्या बांगड्या एकामागून एक अलगद चढल्या.

कोष्टिणीने पैसे पुढे केले. कासारणीने ते कपाळाला लावले. "आज पहिल्यांदा तू माझ्याकडून बांगड्या घेतल्यास, बाई."

"आणि त्या दोन खुंट्यांवरच्या?"

कासारीण वर बघून हसली. "ती तर तू माझ्यापाशी बसायला केलेली निमित्तं. पुढच्या वेळी नुसतीच येत जा."

तात्पर्य: मन जड झाले की बाजार गाठण्याआधी मूठ कशाने सुटते ते शोधावे, ते बहुधा फुकट असते आणि दुसऱ्याला देतानाच आपल्याला मिळते.