सोन्याच्या नळीतला खर्ज

फार पूर्वी शंखावती नगरीत घोषदत्त राजा गादीवर असताना बोधिसत्त्व एका बुरडाच्या घरी जन्मला होता. राजमाता अंथरुणाला खिळलेली. रोज जेवणानंतर म्हातारा सोणक संगीतशाळेत वीणा वाजवी, आणि बोधिसत्त्वाने बसवलेल्या वेळूच्या लांब नळीतून ती राजमातेच्या उशाशी ऐकू येई. तेवढंच काय ते तिचं सुख.

एके दिवशी हेमगुप्त नावाचा व्यापारी सोन्याची नळी घेऊन राजमातेच्या महालात राजासमोर आला. "महाराज, वेळूतून सूर येतो तो खरचटून येतो. माझ्या नळीतून येईल तो तुपात घोळून. फक्त ऐकणाऱ्याचे कान खानदानी हवेत."

राजाचे कान तिथल्या तिथे खानदानी झाले. किंमत मात्र दांडगी होती. राजा म्हणाला, "सोणकाला उद्यापासून घरी बसवा. त्याचं वेतन वाचेल त्यात नळी घेऊ."

"मग नळीतून ऐकायचं काय?" बोधिसत्त्वाने विचारलं.

"तू वेळू सोलणारा, तुला काय कळणार! नीट बसव. हातभर तुकडा तुला बक्षीस."

हातभर सोनं! बोधिसत्त्वाने एकदा राजमातेकडे पाहिलं. "बसवतो महाराज. पण सौदा ऐकून झाल्यावर करा."

नळी बसली. "बसली," एवढंच तो म्हणाला.

राजाने कान लावून डोळे मिटले. "अहाहा! काय हा खर्ज!"

प्रधानाने कान लावला. "मला तर वादकाच्या बोटातली अंगठीसुद्धा ऐकू येतेय."

सेनापती तर रडलाच.

शेवटी राजमातेने कान लावला. "अरे घोष्या, कुणीतरी घोरतंय की रे!"

तेवढ्यात ढेकर देत सोणक दारात उभा. "जेवायला उशीर झाला, महाराज. आता सुरू करतो. पण तुमचा द्वारपाल माझ्या आसनावर झोपलाय, त्याला आधी उठवा."

हेमगुप्त चाचरत म्हणाला, "पण घोरणं किती स्वच्छ आलं!"

"मग घरी नेऊन ऐक," राजमाता म्हणाली.

राजाचे खानदानी कान लाल झाले. सोणक राहिला, वेळू राहिला. "तुला काय हवं?" असं राजाने विचारल्यावर बोधिसत्त्व म्हणाला, "वीणेच्या तारा गंजल्यात. तेवढ्या बदला."

त्या जन्मीचा बुरूड म्हणजे आपले शास्ते भगवान बुद्ध. हेमगुप्त अजून फिरतोच आहे, हल्ली सोनेरी टोकांची केबल विकतो. राजा ती टीव्हीला जोडून शेजाऱ्यांना बोलावतो, "फरक कळतोय ना?" प्रधान फुकटचा चहा पीत म्हणतो, "कळतोय तर!" द्वारपाल कोण, ते दुपारी जेवून उठल्यावर तुमच्या घरच्यांना विचारा.

आणि जे ऐकू आलं तेवढंच सांगायचं, याला म्हणतात सत्य पारमिता.