शोधशाळेतला शंकेखोर

एका नगरात एक शोधशाळा होती. केवढी? पुढच्या दारानं आत शिरलेला तरणा मागच्या दारानं बाहेर पडेस्तोवर आजोबा व्हायचा, एवढी! तिथली रीतही न्यारी. प्रत्येक शोधकाच्या जोडीला एक शंकेखोर नेमलेला असे. शोधकानं म्हणायचं, "सापडलं!" आणि शंकेखोरानं विचारायचं, "कशावरून?"

मार्तंड शोधक, तर नागोजी त्याचा शंकेखोर. दोघं एका फडक्यातली भाकरी खात आणि दिवसभर भांडत.

"ऊठसूट कशावरून! लग्नात भटजींनाही हेच विचारलंस का रे?" मार्तंड चिडवी.

"विचारलं की! म्हणून तर मुहूर्त चुकला नाही," नागोजी म्हणे.

एके वर्षी राजाचा खजिना आटला. प्रधानजींनी सभा भरवली. "शंका काढणाऱ्यांनी आजवर काय पिकवलं? त्यांना नारळ द्या. कुणाला आपला शंकेखोर हवाच असेल, तर त्यानं उभं राहून तसं सांगावं."

नागोजीनं मार्तंडाकडे पाहिलं. मार्तंडाच्या मनात आलं, उभा राहिलो आणि मलाही नारळ मिळाला तर? त्यानं मान खाली घातली आणि उपरण्याचा सुटलेला दोरा शोधू लागला. जन्मभर शोध लावणाऱ्या माणसाला तो दोरा काही सापडेना.

कुणीच उठलं नाही. शंकेखोर गेले. कुणी रडत गेला, कुणी शिव्या देत. नागोजी जाताना अर्धी भाकरी मार्तंडाच्या फडक्यात ठेवून गेला. त्याची खिडकीजवळची बैठक काही दिवस रिकामी राहिली. मग मार्तंडच तिथं बसू लागला. वारा छान यायचा.

आता शोधांना पूर आला. एकाची गाय थेट दही देऊ लागली, दुसऱ्याचं गाढव म्हणे श्लोक म्हणू लागलं. मार्तंडानं पावसात न भिजणारा कापूस शोधला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच कापसाचा अंगरखा घालून राजा हत्तीवरून मिरवणुकीत निघाला आणि पाऊस आला. अंगरखा इतकं पाणी प्याला, की भारानं हत्ती मटकन खाली बसला! सारं नगर हसलं. मार्तंडाला मात्र एकच आवाज आठवत राहिला.

तो नागोजीला शोधत निघाला. नागोजी कुंभाराकडे मडकी पारखत होता. टिचकी मारायची, कान लावायचा, कच्चं मडकं बाजूला ठेवायचं.

"नागोजी, परत चल. राजाला मी सांगतो."

"इथं बरं चाललंय रे. मडकी खोटं बोलत नाहीत."

मार्तंड मडक्यांच्या कडेला खाली बसला. "त्या दिवशी सभेत मी उठणारच होतो. देवाशपथ! तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं."

नागोजीनं हातातलं मडकं खाली ठेवलं. रागावला नाही. जुन्या सवयीनं, हळूच विचारलं,

"कशावरून?"

मार्तंड आला तसा परत गेला.

तात्पर्य: सोबत्यासाठी बोलायचं ते वेळेवरच बोलावं, मागाहून सांगितलेल्या मायेला पुरावा नसतो.