केरबा दिवाळी अंकात छापून येतो

एका गावात एक भोळा लेखक होता. लेखक होता असं तो स्वतःच सांगायचा. लिहिलेलं अजून काही नव्हतं. नाव केरबा. सकाळी डेअरीत दुधाचे कॅन धुवायचा आणि दुपारभर लेखक असायचा.

त्याची बायको पद्मा बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा झाला. बारशाला पाव्हणे जमले आणि कोणीतरी विचारलं, "बाळाचे वडील काय करतात?"

"लेखक आहेत," सासरे कौतुकाने म्हणाले.

"हो का? काय लिहिलंय?"

सासऱ्यांनी केरबाकडे बघितलं. केरबाने घुगऱ्यांकडे बघितलं.

सासऱ्यांना हे फार लागलं. माणूस हाडाचा वाचक. दिवाळी अंक हातात आल्याशिवाय करंजीला हात लावायचे नाहीत. पाव्हणे पांगल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, एक गोष्ट छापून आणा आणि माझी लेक घेऊन जा. तोवर ती आणि बाळ इथंच राहतील."

केरबा एकटाच घरी आला. घरी पाळणा टांगून तयार होता. रोज संध्याकाळी तो रिकाम्या पाळण्याला झोका द्यायचा. पाळण्याची सवय मोडू नये म्हणून.

तालुक्याला टेंबे नाना दिवाळी अंक काढायचे. केरबा त्यांच्याकडे गेला.

"प्रेमकथा आण," नाना म्हणाले. "पण ऐकीव नको. स्वतः अनुभवलेलं लिही."

केरबाने लिहून आणली. नानांनी चष्मा लावून वाचली. "मी मुलगी बघायला गेलो. पोहे आले. पोहे खाल्ले. लग्न झालं. समाप्त."

"अरे, यात प्रेम कुठंय?"

"पोह्यांवर होतं ना. मी परत मागून घेतले."

नानांनी कपाळाला हात लावला. "केरबा, दोघं पहिल्याच पानावर भेटली पाहिजेत. नजरानजर, काळजात धडधड. मग ताटातूट. आणि शेवटी गळ्यात गळा."

"असं होय! आधी नाही का सांगायचं?" केरबा म्हणाला.

त्या दिवशी पद्माचा फोन आला. "अहो, बाळ दोनदा शिंकलं. मी काल दही खाल्लं होतं. माझंच चुकलं असेल का हो?"

"दही किती वेळा खाल्लंस?"

"एकदाच."

"मग दोनदा कसं शिंकेल? एक शिंक त्याची स्वतःची असणार."

पद्माला त्यातल्या त्यात बरं वाटलं. अर्ध्याच चुकीची काळजी उरली. "गोष्टीचं मात्र बघा," ती म्हणाली. "इथं सगळे मलाच विचारतात."

केरबा पुन्हा तालुक्याला गेला. तोवर प्रेमकथांची पानं भरली होती. नानांना भयकथा हवी होती. केरबाने आणली.

"हडळ आणि पाटील पहिल्याच पानावर विहिरीपाशी भेटले. नजरानजर झाली. पाटलाचं काळीज धडधडलं. हडळीला काळीज नव्हतं, तिने शेजारणीचं उसनं आणलं. मग ताटातूट झाली. हडळ माहेरी चिंचेवर गेली. शेवटी पाटील चिंचेवर चढला आणि दोघं गळ्यात गळा घालून रडली."

"अरे, यात घाबरायचं कुठं?"

"फांदी बारीक होती."

"केरबा!" नाना ओरडले. "भयकथेत दिवा विझतो. दार करकरतं. मागून खांद्यावर गार हात पडतो. वाचणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे!"

"असं होय! आधी नाही का सांगायचं?"

पुढच्या खेपेला बालकथा हवी होती. नाना कामात होते. त्यांनी न वाचताच कागद नातीच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचलं, "ससुल्या गाजर खात बसला होता. दिवा विझला. दार करकरलं. मागून त्याच्या खांद्यावर गार हात पडला. हात गाजराचा होता."

नात किंचाळली. चार दिवस ती बाथरूमला एकटी जाईना, आणि ताटात कोशिंबीर दिसली की आजीच्या पदराखाली शिरायची.

"अरे, लहान लेकरांसाठी लिहितोयस!" नाना म्हणाले. "त्यात प्राणी बोलतात. गोड बोलतात, खरं बोलतात. आणि शेवटी तात्पर्य असतं."

"असं होय! आधी नाही का सांगायचं?"

दिवाळी तोंडावर आली. नाना म्हणाले, "शेवटची संधी. रहस्यकथा आण."

केरबाने जीव ओतून लिहिली. नाना वाचायला लागले.

"बंगल्यात खून झाला. फौजदार आले. दारात कुत्रा होता. कुत्रा गोड आवाजात म्हणाला, 'फौजदारकाका, फौजदारकाका, खून माळ्याने केला. मी बघत होतो.' फौजदार म्हणाले, 'शहाणं बाळ ते!' तात्पर्य: मुलांनो, खून करू नये. केलाच तर आधी कुत्र्याला बाहेर बांधावं."

"अरे देवा! रहस्यकथेत कोणी केलं ते शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं! ज्याने केलं तो कबूल करत नाही. संशय भलत्यावरच गेला पाहिजे!"

"असं होय! आधी नाही का सांगायचं?"

नाना कागद परत द्यायला लागले. देता देता शेवटच्या ओळीवर त्यांची नजर पुन्हा गेली. मिशी थरथरली. मग पोट थरथरलं. मग नाना टेबलावर डोकं ठेवून हसले.

"छापतो!" डोळे पुसत ते म्हणाले. "विनोदी कथेचं पान रिकामंच आहे. जा, बाहेर टायपिंगला बाई बसल्यात, त्यांना नाव सांग."

बाईंनी विचारलं, "लेखकाचं नाव?"

केरबा गालात हसला. "बाई, तेच तर शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही."

बाईंपुढे फराळाच्या जाहिरातींचा ढीग होता. त्यांनी 'एक लेखक' असं टाइप केलं आणि पुढचा कागद ओढला.

अंक निघाला. केरबा तो घेऊन सासुरवाडीला गेला. पद्मा सकाळपासून पिशवी भरून बसली होती. बाळाला तिने टोपी घातली होती. वारा लागेल म्हणून वर कानटोपी घातली, उकडेल म्हणून काढली, आणि पुन्हा घातली.

सासरे ओसरीवर अंक वाचत होते. हसून हसून त्यांचा चष्मा दोनदा पडला. "कुत्र्याला बाहेर बांधावं! अगं, ऐकलंस का?" मग त्यांनी पान उलटसुलट करून बघितलं. "जावईबापू, इथं नाव नाही. तुम्हीच लिहिली ना? नुसतं हो म्हणा. शाल आणून ठेवलीय."

केरबाने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याला नाना आठवले.

"मी?" तो म्हणाला. "छे! मी तर त्या दिवशी गावातच नव्हतो."

"अहो!" पद्मा म्हणाली.

"मग कोणी लिहिली?"

केरबाने इकडेतिकडे बघितलं. समोरून गिरणीवाले मारुतराव चालले होते. "मामा, त्यांच्या हाताला पांढरं काय लागलंय, विचारा की."

"पीठ आहे ते."

"ते तसंच सांगणार."

सासरे विचारात पडले. "काय हो मारुतराव, ही गोष्ट तुमची?"

मारुतरावांना आजवर 'दळण झालं का' याखेरीज कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी हात झटकले आणि लाजून म्हणाले, "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..."

शाल मारुतरावांच्या अंगावर पडली. सगळ्यांत जोरात टाळ्या केरबाने वाजवल्या.

"अहो, खरं काय ते सांगा की!" पद्मा रडकुंडीला आली.

"थांब गं," केरबा कुजबुजला. "एवढ्यात कसं सांगू?"

सासऱ्यांनी पद्माच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. "बघू, पुढच्या दिवाळीला," ते म्हणाले.

एसटी सुटली. केरबा खिडकीशी बसला होता. असं रहस्य आजवर कोणी राखलं नसेल, या खुशीत होता. कंडक्टर आला.

"किती?"

"दोन. बाळाचं तिकीट पडत नाही ना?"

कंडक्टरने शेजारच्या रिकाम्या सीटवर बघितलं. वाकून सीटखालीही बघितलं. "दुसरं कोणाचं?"

केरबाने मागेपुढे बघून घेतलं, कंडक्टरला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात म्हणाला, "ते शेवटच्या स्टॉपवर कळेल."