ड्यूकचा मुकुट आणि एडिथ हंसीण

फार फार वर्षांपूर्वी, इंग्लंडातल्या पाणथळीत गरुडराजानं एका हंसाला ड्यूक केलं आणि सोन्याच्या स्ट्रॉबेरीपानांचा मुकुट दिला. मुकुट बापाकडून थोरल्या मुलाकडे जायचा. पुढं एका ड्यूकला एकुलती एक लेक झाली, एडिथ. बाप वारला तसा राजाचा ससाणा मुकुट न्यायला आला.

"मुलगा नाही, म्हणजे ड्यूकपद संपलं!"

एडिथ हिरमुसली. हिवाळा तोंडावर आलेला, थव्याला दक्षिणेला निघायचं होतं आणि नेमकं दाट धुकं उतरलं. पुढं व्हायला कुणी धजेना. शेवटी एडिथच उडाली. थवा तिच्यामागे निघाला.

"कुणाला विचारून पुढं झालीस?" ससाणा ओरडला.

थव्यातली एक म्हातारी हंसीण मागं वळून म्हणाली, "अरे बाबा, हिच्या पणजोबांना, पहिल्या ड्यूकला, मुकुट नंतर मिळाला. आधी तेही असेच धुक्यात शिरले होते, कुणालाही न विचारता!"